कोळशाचा गिलावा

ऐन उन्हाळ्याच्या तडाख्यात राजेश्रीच्या रेशीमअळ्या मेल्या. एकाएकी नाही मेल्या. आधी पाला खायच्या थांबल्या, मग डोकं वर करून तशाच ताटकळल्या, आणि बघता बघता सगळ्या रॅकवरच्या अळ्या मऊ पडल्या. कोष करायला जेमतेम आठवडा राहिला होता. राजेश्रीनं तोंडाला पदर बांधून घमेली भरली, तिच्या नवऱ्यानं, परमेश्वरनं, बांधाकडेला खड्डा खांदला आणि दोघांनी मिळून त्या पुरल्या. वरून चुना टाकला.

त्यांचं गाव परभणीकडच्या झरीच्या अलीकडे, डांबरी सोडून आत. जमीन थोडी. लग्न झाल्यापासून दोघं दरसाल दिवाळी सरली की ऊस तोडायला जात. तोडीला नवरा-बायकोची जोडी लागते. त्या जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात. एकट्या गड्याला मुकादम अर्धा कोयता धरतो आणि फारसं विचारत नाही. तोडीच्या दिवसांत त्यांची मुलगी भक्ती आजी-आजोबांजवळ राही. फाल्गुनात आईबाप परत आले की सुरुवातीला ती आईशी पाहुण्यासारखं बोले, पाणी पिता का म्हणून विचारी. राजेश्रीला ते सोसेना. म्हणून त्यांनी एकरभर तुती लावली, पत्र्याचं शेड उभं केलं आणि त्या साली तोडीला गेले नाहीत. पावसाळ्यात आणि थंडीत कोष झकास झाले. मार खाल्ला तो उन्हाळ्यात.

“पत्रा हाय त्यो, तापनारच,” परमेश्वर संध्याकाळी अंगणात बसून म्हणाला. “उन्हाळाभर शेड बंद ठिवलं तर आपलं साल भागत न्हाई. तोडीचं बघावं लागंल पुन्हा.”

“मला आजून एक उन्हाळा द्या,” राजेश्री म्हणाली. “पुढच्या उन्हाळ्यात बी अळ्या मेल्या तर तुमी म्हनाल तिथं येते. तोंडातून शब्द काढनार न्हाई.”

परमेश्वरनं अंगणातला एक खडा उचलून बांधाकडे भिरकावला. बायको आली नाही तर त्यालाही जाता येत नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. शेवटी तो म्हणाला, “पर करनार काय तू? उन्हाला काय सांगनार हाईस?”

राजेश्रीला तरी कुठं माहीत होतं.

ते तिला पावसाळ्यात सापडलं. परभणीला शेतकरी बायकांचं एक शिबिर होतं, तिथं ती गेली. एका मॅडमनी पऱ्हाट्यांपासून कोळसा कसा करायचा ते दाखवलं. कापूस निघाला की उरलेल्या पऱ्हाट्या सगळा गाव बांधावर पेटवून देतो. राख होते, वाऱ्यानं उडून जाते. मॅडम म्हणाल्या, त्याच पऱ्हाट्या हवा कमी लागेल अशा बेतानं जाळल्या तर राख होत नाही, कोळसा होतो. त्या कोळशाला बारीक बारीक भोकं असतात. त्यांत पाणी मुरतं, खत मुरतं, आणि मातीत घातला की तो वर्षानुवर्षं तसाच राहतो. याला बायोचार म्हणतात. आणि शेवटी, निघता निघता, मॅडम असंही बोलून गेल्या की काही ठिकाणी लोक हा कोळसा गिलाव्यात घालून पाहत आहेत; तशा भिंतीतून ऊन उशिरा आत येतं आणि भिंत ओल धरून ठेवते.

बाकीच्या बायका चहाला उठल्या. राजेश्री मॅडमपाशी जाऊन उभी राहिली.

“मॅडम, पत्र्याच्या शेडला जमंल का हे? रेशमाच्या?”

मॅडमनी कप खाली ठेवला. “खरं सांगू? मी स्वतः शेडला करून पाहिलेलं नाही. पण बिघडण्यासारखंही काही नाही. फक्त आतून लावा, बाहेरून नको. काळा रंग ऊन ओढतो. बाहेरून पांढरा चुना द्या. आणि काय होतं ते मला नक्की कळवा, मलाही कळू दे.”

परतीच्या बसमध्ये राजेश्रीनं मनातल्या मनात सगळं शेड लिंपून काढलं.

आता गिलावा म्हटलं की घरातच गवंडी होता. तिचे सासरे लिंबाजी. पंचक्रोशीत त्यांच्या हातची किती घरं, किती पार, किती विहिरींचे कठडे. पण काही वर्षांपूर्वी एका देवळाच्या कामावर परांचीवरून ते पडले. हाड सांधलं, पण उजवा हात खांद्याच्या वर जाईना. ज्याचा हात वर जात नाही तो कसला गवंडी, असं म्हणून त्यांनी थापी, ओळंबा, गुरमाळा, सगळं एका पोत्यात बांधून माळ्यावर टाकलं. तेव्हापासून दिवसभर ते लिंबाखालच्या बाजेवर असत. वाटेनं जाणाऱ्याला हाका मारत, आणि गावात कुणाच्या घराचं काम निघालं की त्या बाजूला मात्र फिरकत नसत.

राजेश्रीनं आधी सासूला सांगितलं. चतुराबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मला काय सांगतीस, त्यान्ला इचार. भिंतीतलं त्यान्ला कळतं.”

राजेश्रीनं पदर सावरून सासऱ्यांना विचारलं. लिंबाजी बाजेवर उठून बसले.

“कोळसा? भितीला?” ते म्हणाले. “आगं, जलमभर मी लोकांची घरं पांढरी केली. आता लोक म्हनतील, लिंबाजी गवंड्यानं आपल्याच घराला काळं फासलं!”

“मामा, आतून फासायचं हाय,” राजेश्री म्हणाली. “बाहेरून कुनाला दिसनार न्हाई.”

चतुराबाई आतून खो खो हसल्या. लिंबाजी पुन्हा आडवे झाले.

पौषात कापूस संपला. परमेश्वरनं शेताच्या कोपऱ्यात खड्डा खांदला. वर रुंद, खाली निमुळता, नरसाळ्यासारखा. एक दिवस सकाळीच दोघांनी तळाला थोड्या पऱ्हाट्या पेटवल्या. त्यांच्यावर पांढुरकी राख धरायला लागली की पुढचा थर टाकायचा, तो पेटून पांढुरका व्हायला लागला की त्याच्यावर पुढचा. वरची आग खालच्याला हवा लागू देत नाही, एवढीच त्यातली मेख. खड्डा भरत आला तशा ज्वाळा माणसाच्या उंचीच्या झाल्या. धूर कमी, पण जाळ असा की दुरून पाहणाऱ्याला वाटावं गंजीच पेटली.

आणि तसंच झालं. शेजारच्या रानातून आश्रुबा ओरडत निघाला, “आग! परमेश्वरच्या रानात आग!” तिकडून हरभऱ्यात काम करणाऱ्या बायका घागरी घेऊन धावल्या. कुणी बादली, कुणी फवाऱ्याचा पंप पाठीवर घेऊन, कुणी नुसताच धावत. आश्रुबाचं धोतर काट्यात अडकलं, त्यानं ते तिथंच फाडलं आणि तसाच पुढे आला.

अगदी त्याच वेळी खड्डा विझवायची वेळ झाली होती. परमेश्वर मोटार चालू करायला गेला तर लाइट गेलेली. पाणी वेळेवर पडलं नाही तर सगळ्या कोळशाची राख होणार. तो कपाळाला हात लावून उभा. राजेश्रीनं वळून पाहिलं तर अर्धा गाव पाणी घेऊन धावत येत होता.

“टाका! टाका पानी!” ती दोन्ही हात हलवून ओरडली. “खड्ड्यात टाका, समदं टाका!”

लोकांनी टाकलं. फस्स करून वाफेचा लोट उठला, त्यात कुणाला कोण दिसेना. वाफ विरली तेव्हा सगळे धापा टाकत खड्ड्याभोवती उभे होते आणि राजेश्री मधोमध पोट धरून हसत होती.

“आगं, हसायलीस काय?” आश्रुबा म्हणाला. “लय नुसकान झालं का?”

“न्हाई हो दाजी. तुमी नसता आलाव तर झालं आसतं.”

मग तिनं सगळ्यांना समजावून सांगितलं. आश्रुबाला आधी राग आला, मग त्यानं खड्ड्यातून एक कांडी उचलून दगडावर टाकली. खण्ण वाजली. त्यानं आणखी एक टाकली. मग बायकाही टाकायला लागल्या. फाटक्या धोतराबद्दल चतुराबाईंनी त्याला घरी नेऊन शिरा खाऊ घातला.

अर्धा कोळसा त्यांनी तुतीसाठी ठेवला. पिपात शेण, गोमूत्र आणि पाणी कालवून त्यात तो मुरत घातला, आणि मग ओळींच्या कडेला चर काढून मातीत मिसळला. उरलेला अर्धा परमेश्वरनं कुटून चाळला. शेडच्या भिंतींसाठी दोघांनी तुराट्यांचे, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांचे, कूड विणले. पत्र्याच्या खालीही तुराट्यांचाच तट्टा बांधला. चुना आणला, गावाजवळची पांढरी माती आणली. तिन्हींचं मिश्रण कालवून राजेश्री आणि परमेश्वरनं दिवसभर एक भिंत लिंपली. दोघंही कानापर्यंत काळे झाले. भक्ती शाळेतून आली ती दारातच थबकली आणि “आई कोनती?” म्हणून विचारायला लागली.

सकाळी जाऊन पाहिलं तर निम्मा गिलावा खाली पडलेला, निम्म्याला हात घालता येईल अशा भेगा.

परमेश्वर भिंतीजवळ गेला. खाली बसून एक ढेकूळ उचललं आणि बोटानं चुरलं. राजेश्रीच्या डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं. तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला. लिंबाजी बाजेवरून उठून शेडपर्यंत आले होते. त्यांनी पडलेलं ढेकूळ घेतलं, वास घेतला, जिभेला लावलं.

“कोळसा कोरडाच घातलाव?”

“हो मामा.”

“त्यानं चुन्याचं समदं पानी पेलं की. चुना तान्हेला ऱ्हायला. तान्हेला चुना धरत नसतोय कशाला.” ते भिंतीकडे पाहत राहिले. “आन् कोळसा बी लय झाला.”

राजेश्रीनं कपाळावर हात मारला, तिथं काळी पाच बोटं उमटली. “आवो मामा, रानात घालायचा त्यो मी भिजिवला! मॅडमनी सांगितलंच हुतं. भितीचा भिजवायचं ध्यानातच न्हाई आलं माझ्या.”

“मग आता भिजीव. रातभर. उद्या बघू.”

‘बघू’ म्हणाले, आणि संध्याकाळी त्यांनी परमेश्वरला माळ्यावरचं पोतं काढायला सांगितलं. थापीला गंज चढला होता. लिंबाजी अंगणात बसून ती विटेच्या तुकड्यानं घासत बसले. चतुराबाई चुलीपुढून नुसत्या पाहत होत्या. भाकरी करपली तरी त्यांना कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी लिंबाजींनी स्वतः मिश्रण केलं. चुना जास्त, भिजलेला कोळसा बेताचा, मातीत सोयाबीनचं भुसकट. थापीवर घेऊन उलटी केली. मिश्रण पडलं नाही. “हां,” ते म्हणाले. त्यांचा हात एकदा भिंतीला लागला आणि मग थांबेना. छातीच्या उंचीपर्यंत भिंत अशी सपाट झाली की ओली पाटी.

मग हात थांबला. त्याच्या वर तो जातच नव्हता.

परमेश्वरला त्या दिवशी तुतीला पाणी द्यायचं होतं. शिडीवर चढणारं दुसरं कुणी नव्हतं. राजेश्री थापी हातात घेऊन शिडीपाशी उभी राहिली, आणि तिच्या लक्षात आलं की वर चढलं तर आपले पाय सासऱ्यांच्या डोक्याच्या वर येतात. ती तिथंच अडली. लिंबाजीही अडले. ते भिंतीकडे पाहायला लागले, ती जमिनीकडे.

चतुराबाई पाणी घेऊन आल्या होत्या. त्यांनी दोघांकडे पाहिलं.

“काय झालं?”

राजेश्रीनं शिडीकडे पाहिलं. चतुराबाईंना कळलं.

“चढ गं,” त्या म्हणाल्या. “देवळाच्या शिखरावर गवंडी चढतो तवा त्याचे पाय कुठं आसतेत? देवाच्या डोक्यावरच न्हवं? देव काय म्हनला का कवा? चढ. पदर खोच आन् चढ.”

लिंबाजींना हसू आलं. “चढ माय,” ते म्हणाले. “म्या सांगतो तसं कर.”

असं ते शेड झालं. खालची भिंत लिंबाजींची, वरची राजेश्रीची. ते खालून सांगत, “मनगट फिरीव. खांदा नगं, मनगट. आता पानी मार. आता गुरमाळा गोल फिरीव, पोळीवर तूप लावतो तसा.” पहिल्या दिवशी तिचा खांदा भरून आला. पण काही दिवसांनी तिच्या हाताला लय सापडली, आणि लिंबाजींचं सांगणं कमी कमी होत गेलं. वरच्या तट्ट्यालाही तिनंच गिलावा दिला. पुढच्या आठवड्यात बाहेरून पांढरा चुना मारला. बाहेरून शेड सशासारखं पांढरं, आणि आत गेलं की काळंभोर, गार. लिंबाजी आत खुर्ची टाकून बसायला लागले. म्हणाले, “भित वाळायली का न्हाई ते बघायलाव.” भिंत तर केव्हाच वाळली होती.

चैत्राच्या शेवटी राजेश्रीनं अळ्या आणल्या. मागच्या सालासारखंच ऊन होतं, कदाचित जास्तच. दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नव्हतं. ती सकाळी भिंतींना पाणी शिंपडायची. भिंती ते पिऊन टाकायच्या आणि दुपारभर हळूहळू सोडायच्या. आतल्या हवेला रांजणाजवळ येतो तसा गारवा असे. तरीही पहिले दिवस तिच्या जिवाला चैन नव्हती. चार घास खाल्ले की ती शेडकडे धावे, अळ्यांवर वाकून बघे, कुणी डोकं वर करून थबकली आहे का. अळ्या मुकाट खात होत्या.

मग त्या मोठ्या झाल्या, बोटाएवढ्या, आणि त्यांची भूक आवरेना. सगळं घर पाला तोडायला लागलं. कोळसा घातलेल्या ओळींतला पाला दुपारीसुद्धा मान टाकत नव्हता. परमेश्वरनं ते दोन-तीनदा पाहिलं, दोन्हीकडच्या ओळींतली माती उकरून मुठीत दाबली, आणि संध्याकाळी बायकोला म्हणाला, “अर्ध्याच रानात घातला आपुन. कामून घातला अर्ध्यात?”

“तुमीच म्हनलाव, बघू आदी.”

“म्या लय कायबाय म्हनतो,” परमेश्वर म्हणाला. “तू आयकत जाऊ नगंस.”

आणि मग अळ्या पिवळसर, पारदर्शक झाल्या, खायच्या थांबल्या आणि डोकं वर करून काहीतरी शोधायला लागल्या. हे थांबणं वेगळं होतं. राजेश्रीनं ओळखलं. चंद्रिका, म्हणजे कोष बांधायच्या जाळ्या, रॅकवर मांडल्या. एकेक अळी आपला कप्पा धरून बसली आणि धागा काढायला लागली. बघता बघता अळ्या दिसेनाशा झाल्या आणि त्या काळ्या भिंतींच्या आत सगळीकडे पांढरे शुभ्र कोष उजळले.

राजेश्री दारात उभी होती. परमेश्वर तिच्या मागे आला. त्यानं आत पाहिलं, टोपी काढली, पुन्हा घातली.

“रडायलीस का?”

“न्हाई.”

“मग?”

“हसायले,” ती म्हणाली, आणि खरंच हसायला लागली. तिच्या हसण्याचा आवाज ऐकून चतुराबाई आल्या, लिंबाजी आले. लिंबाजींनी एक कोष कानाशी धरून हलवला, आत किडा खुळखुळला. “पक्का हाय,” ते म्हणाले, जणू विटेची परीक्षा करत होते.

कोष सोडवायला गल्लीतल्या सगळ्या बायका आल्या. शेडमध्ये गार बसायला मिळतं म्हणून ज्यांना काम नव्हतं त्याही आल्या. आश्रुबा दारात बसून प्रत्येकीला सांगत होता की पहिल्या दिवशी कोळसा कसा त्याच्यामुळे वाचला. पोती भरून परमेश्वर पूर्णेच्या कोष बाजारात गेला. व्यापाऱ्यानं कोष दाबून पाहिले, वर करून पाहिले आणि विचारलं, “या उन्हात असा माल? कुठल्या गावचा?” परमेश्वरनं गावाचं नाव सांगितलं, आणि न विचारता बायकोचंही. येताना त्यानं आईला पातळ घेतलं, वडिलांना नवी थापी घेतली. राजेश्रीला तो काही आणायचं विसरला, आणि फाट्यावर उतरल्यावर आठवलं म्हणून हॉटेलातली गरम जिलेबी कागदात बांधून घेऊन आला. राजेश्रीनं ती पडवीत बसून सगळ्यांच्या आधी खाल्ली.

तिनं मॅडमना फोन केला. मॅडम म्हणाल्या, “मी येते बघायला.” त्या आल्या, सबंध दुपार शेडमध्ये बसल्या, भिंतीला हात लावून पाहिला आणि लिंबाजींना मिश्रणाचं विचारत राहिल्या. लिंबाजी एवढे बोलले की शेवटी चतुराबाईंनी जेवायला हाक मारून त्यांना थांबवलं.

दसऱ्याच्या आधी तोडीसाठी जोड्या ठरवायला मुकादम आला. परमेश्वरनं त्याला चहा पाजला, घरची खुशाली सांगितली, पाऊसपाण्याचं बोलला आणि मग म्हणाला, “आमचं जमनार न्हाई आता. तुमी दुसरं कुनी बगा.” मुकादम शेडात डोकावून आला. जाताना म्हणाला, “माझ्या भावाला सांगतो हे. त्याच्या बी अळ्या मरायल्यात.”

बातमी अशीच पसरत गेली. दिवाळीनंतर झरीचे बन्सीधर म्हणून एक शेतकरी मोटारसायकलवर आले. त्यांनाही शेड तसंच करून हवं होतं. लिंबाजी म्हणाले, “खड्डा तुमी करा, पऱ्हाट्या तुमच्या. गिलाव्याला आमी येतो.”

“आमी म्हंजे?”

“म्हंजे आमी.”

ठरल्या दिवशी सकाळी परमेश्वरनं दोघांना झरीला सोडलं. राजेश्रीनं पदर खोचला, शिडी लावली. बन्सीधर जरा चुळबुळले, पण काम सुरू झाल्यावर बघतच राहिले. दुपारपर्यंत एक भिंत झाली. वरच्या कोपऱ्यात राजेश्रीचा हात किंचित वाकडा गेला होता. तिला ते खाली उतरल्यावर दिसलं. ती पुन्हा शिडीकडे वळली.

“ऱ्हाऊ दे,” लिंबाजी म्हणाले. “माझ्या पयल्या भितीला यापरीस मोठं पोट हुतं. ती आजून हुबी हाय.”

जेवायला बन्सीधरांच्या आईनं, पार्वतीबाईंनी, दोघांना ओसरीत पाट मांडले. पिठलं, ज्वारीच्या भाकरी, ठेचा. वाढता वाढता त्यांनी राजेश्रीच्या काळ्या हातांकडे पाहिलं आणि लिंबाजींना विचारलं, “ही कोन म्हनायची तुमची? लेक का?”

“सून हाय,” लिंबाजी म्हणाले. मग घास गिळून पुढं म्हणाले, “आन् गवंडी हाय. वरचं समदं तिचंच आसतंय.”

राजेश्रीनं मान खाली घातली आणि भाकरी मोडली. पार्वतीबाईंनी तिच्या ताटात न विचारता तेलाची धार सोडली, ठेच्याची वाटी तिच्याकडे सरकवली आणि म्हणाल्या, “पोटभर खा बाई. दुपारच्याला पुन्हा चढायचं हाय तुला.”